खड्ड्यातून पाहिलेलं

मी ट्रकांना खालून ओळखते.
ड्रायव्हरांची तोंडं नंतर दिसतात, बूट आधी,
आणि बुटांच्याही आधी
ॲक्सलवरून माझ्या कपाळावर थेंब थेंब वितळणारा
कोलिमाच्या रस्त्याचा बर्फ.

खान्दिगात उणे बावन्न. दार उघडलं की
पहिलं धुकं आत येतं, मग ट्रक.

प्रोकोपीचा उराल:
या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच अखंड लोखंड,
मधे डिफरन्शियलचं पोट.
डावं दगडावर चढलं की उजवं खाली दाबलं जातं,
काही झालं तरी जमीन सोडायची नाही.
वर बसलेल्याचे दात वाजतात, ते वेगळं.
एकावर एक पाटे. त्यातला तिसरा माझा,
एका मेलेल्या झीलचा काढून, भट्टीत लाल करून
डोळ्यांच्या मापानं वाकवलेला.
"हातोडा आणि शिव्या," प्रोकोपी म्हणायचा,
"एवढ्यात दुरुस्त होतं ते खरं यंत्र."

द्युलुस्तानची तात्रा:
तिला तसा ॲक्सलच नाही.
मधून जाडजूड नळी, पाठीचा कणाच,
आणि कण्याला फुटलेले अर्धे अर्धे आस,
जो तो आपलं चाक घेऊन वरखाली होणारा.
एकाला लागलेली ठेच दुसऱ्याला कळत नाही.
नदीच्या गोट्यांवरून अशी जाते
की काचेजवळ ठेवलेला चहा हिंदकळत नाही.
पण आतला दात तुटला
तर सुटा भाग येईपर्यंत दोन पौर्णिमा.
आणि रिकामी असताना बघावी!
चाकांचे तळवे आत वळवून उभी,
पाहुण्यांपुढे आणलेल्या पोरीसारखी.
बारा टन चढवा, मग पाय सरळ.

दवाखान्याची जुनी उआझ तिसऱ्याच जातीची.
हबमध्ये दातचक्रं, म्हणून आस चाकाच्या मध्याहून वर,
लुगडं खोचून ओढा ओलांडणारी बाई.
तिच्यावरून वाद नाही. कुरकुरते, पोचते.

बावीस हिवाळे दोघे माझ्या शेगडीपाशी भांडले.
गोठलेल्या माशाचे काप, मीठ, मिरी,
सांडलेल्या मिठात बोटानं काढलेली चाकं.
प्रोकोपी: "सुटी चाकं म्हणजे एका घरात चार चुली."
द्युलुस्तान: "आणि तुझ्याकडे?
एकाला शिंक आली की दोघांनी नाक पुसायचं."
मला विचारलं तर मी म्हणे,
नट कुणाचे सुटतात ते सांगा आधी.

या मार्चात उराल खड्ड्यावर आला
आणि कडेला उतरलेले बूट लहान होते.
तुयारा. त्याची मुलगी.
मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं:
"फेब्रुवारीत. जमीन मऊ व्हायला
तीन रात्री शेकोटी जाळावी लागली."

द्युलुस्ताननं कप खाली ठेवला.
मग गुडघे धरत धरत खड्ड्यात उतरला,
माझ्या हातातला हातोडा घेतला
आणि एकेक पाटा वाजवून ऐकू लागला,
कुंभाराकडे मडकं ऐकतात तसा.
तिसऱ्यापाशी थांबला.
परत वाजवला.
यू-बोल्ट पाव फेरा आवळला, ग्रीस भरलं,
जिथं गरज नव्हती तिथंही.

वर येऊन म्हणाला, "रिकामा नेतेस?"
"जाताना रिकामाच."
"रिकाम्या पाट्यांवर उड्या मारेल. कंबर मोडेल तुझी."

आणि बाहेर जाऊन दोन ट्रकांमध्ये फळ्या टाकल्या.
डिझेलची पिंपं, त्याच्या वाट्याची,
एक एक ढकलत तिच्या ट्रकात.
तिनं पैशांचं काही विचारलं बहुतेक;
तोंडाच्या वाफेत ऐकू आलं नाही.
"येताना दे," तो म्हणाला. "नाहीतर पुढच्या हिवाळ्यात."

मी दारात हात पुसत उभी होते.
सहावं पिंप गेलं
तेव्हा तात्रा किंचित उचलली गेली
आणि तिच्या मागच्या चाकांचे तळवे
बोटभर आत वळले.